छपरी की गाळा?

बारावीनंतरच्या प्रवेशांची धांदल ओसरली की भंडारा जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत एक वाक्य ऐकू येते : "नोकरी पाह्य आधी, धंद्याचं मग पाहू." पोरगी शिवणकाम शिकलेली असते, पोराच्या मनात मोबाइल दुरुस्ती किंवा बेकरी असते. आईवडिलांचा विरोध बहुतेक वेळा धंद्याला नसतोच. घोडे अडते ते जागेपाशी. घराच्या छपरीत सुरू केले तर लोक रिकामा बसला म्हणतील, आणि बाजारात गाळा घेतला तर कमाईआधी भाडे सुरू होईल. दोन्ही धास्ती खऱ्या आहेत. पोरांनी त्यांना हसू नये, हिशेब मांडून दाखवावा.

घर की बाजार, हे आपल्या जिल्ह्यात आजवर कामानेच ठरवले आहे. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात कोशाचे कापड विणणाऱ्यांचा माग घरात असतो. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेला कोसा, त्याचे सूत, कांड्या भरणारे हात आणि मागावर बसलेला विणकर हे सगळे एका छपराखाली नांदते. या कामाला निवांतपणा हवा, घरातल्या चार माणसांचा हातभार हवा. गिऱ्हाईक दारावरून जायला हवे असे काही नाही. भंडारा शहराचे नाव पितळी भांड्यांमुळे झाले. तिथे भट्टी आहे, धूर आहे, दिवसभर ठोकाठोक आहे. अशा कामाशेजारी तान्हे मूल निजवणे कठीण. आणि तुमसरची राइस मिल तर घरात मावायचीच नाही. धानाचा कोंडा, ट्रकांची वर्दळ, मोठ्या मोटारी यांना गावाबाहेरची मोकळी जागा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

म्हणून जागा शोधण्याआधी कामाकडे बघा. त्यात आग, धूळ किंवा मोठा आवाज आहे का? मिरची कांडप यंत्र शेजाऱ्याच्या खिडकीखाली लावाल तर पहिल्याच महिन्यात भांडण होईल. गिऱ्हाईक तुम्हाला शोधत येणार, की रस्त्याने जाताना दिसले म्हणून आत शिरणार? ब्लाउज शिवणारीचे घर बायका विचारत विचारत शोधून काढतात. झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान मात्र तहसील कार्यालयाच्या किंवा कॉलेजच्या वाटेवरच चालते. आतल्या गल्लीत त्याची मशीन धूळ खात पडेल.

घरच्या धंद्याबद्दल बोलताना विडीची आठवण ठेवलीच पाहिजे. या जिल्ह्यातल्या हजारो बायांनी घराच्या ओसरीत बसून आयुष्यभर विड्या वळल्या. पान आणि तंबाखू ठेकेदाराकडून, मोबदला हजार विड्यांमागे, पसंत-नापसंत ठरवणार तोच. 1966 साली विडी व सिगार कामगारांसाठी कायदा झाला, त्यात घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार मानले गेले. कायद्याने तिला कामगार म्हटले ते बरोबरच होते, कारण जागा तिची असली तरी भाव तिचा नव्हता. आज हीच रीत नव्या कपड्यांत येते. कुणी कापलेले कापड आणून देतो, नगामागे पैसे देतो आणि त्याला "घरबसल्या व्यवसाय" म्हणतो. कुणी आधी मशीन किंवा किट विकत घ्यायला लावतो आणि तयार माल परत घेण्याचे वचन देतो. पालकांनो, इथे थांबा. ज्या कामात माल कुणाला विकायचा आणि भाव किती सांगायचा हे तुमच्या मुलाच्या हाती नाही, ती मजुरी आहे. मजुरीत लाज काही नाही, पण तिच्यासाठी कर्ज काढू नका आणि आगाऊ पैसे तर भरूच नका.

आता भाड्याचा हिशेब. समजा लाखनीत किंवा साकोलीत 4,000 रुपये भाड्याचा छोटा गाळा मिळाला आणि विजेचे 500 धरले. एका ब्लाउजमागे अस्तर, धागा वजा जाता 150 रुपये सुटत असतील, तर महिन्याचे पहिले 30 ब्लाउज नुसते गाळ्यासाठी शिवायचे. एकतिसाव्यापासून तिची कमाई सुरू. पहिल्या तीन महिन्यांत तेवढे काम येईल का, हे तिलाच विचारा. तिला आकडा माहीत असतो.

यात आपल्याकडची आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या सल्लागारांच्या ध्यानात येत नाही. आपल्या जिल्ह्यात पैसा धानाच्या मागे चालतो. रोवणीच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये, घराघरांतला पैसा बांधीत गेलेला असतो. उधारी वाढते, नवे कपडे कुणी शिवत नाही. दिवाळीनंतर धान घरात आले, विकले गेले की हात मोकळा होतो आणि मग लग्नसराई येते. भाडे मात्र बारा महिने सारखेच. म्हणून गाळा घ्यायचाच असेल तर धान निघण्याच्या सुमारास घ्या आणि पावसाळ्यातल्या चार महिन्यांचे भाडे आधीच बाजूला ठेवा. आषाढात उद्घाटन करून श्रावणात शटर ओढणाऱ्या पोराला धंदा जमला नाही असे म्हणतात, पण त्याची बहुधा वेळच चुकलेली असते.

घरी सुरू करायचे तर विजेचे गणित समजून घ्या. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याला, वापर महिन्याला 300 युनिट आणि वर्षाला 3,600 युनिटपर्यंत असेल तर, घरगुती दरच लागू राहतो. वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत ही तरतूद आहे. 2 किलोवॉटचा ओव्हन पूर्ण भाराने रोज 4 तास, महिन्याचे 25 दिवस चालला तर त्याचेच 200 युनिट होतात. घरचे पंखे, फ्रिज, मोटर धरून 300 चा आकडा गाठायला वेळ लागत नाही. बेकरी तिथवर आली म्हणजे दुसऱ्या जागेचा विचार करायची वेळ झाली. शिलाई मशीनला ही अडचण सहसा येत नाही.

कागदपत्रांचा बाऊ नको. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून आहे, ती विनाशुल्क आणि ऑनलाइन होते, आणि घरचा पत्ता चालतो. तिच्यासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. खाण्याचे पदार्थ विकायचे असतील तर अन्न सुरक्षेची नोंदणी घरच्या स्वयंपाकघरालाही लागते. गावात ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आधीच घेऊन ठेवा.

कर्जाच्या बाबतीत जागेला फार मोल आहे. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण गटाला शहरी भागात 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना 25 आणि 35 टक्के. म्हणजे 5 लाखांचा तोच प्रकल्प मुलीने भंडारा शहरात उभारला तर अनुदान 1,25,000 रुपये, आणि शेजारच्या ग्रामपंचायत हद्दीत उभारला तर 1,75,000. हे पैसे हातात मिळत नाहीत, 3 वर्षे बँकेत ठेव म्हणून राहतात आणि मग कर्जात वळते होतात. तोवर धंदा चालू असावा लागतो. अर्ज भरण्याआधी चालू वर्षाचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा. आरसेटीमध्ये, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, ग्रामीण तरुणांना विनामूल्य, राहण्या-जेवणासह प्रशिक्षण मिळते, तेही याच फेरीत विचारून घ्या.

मुलींच्या पालकांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. "पोरीचं घरूनच बरं" असे तुम्ही म्हणता तेव्हा त्यात काळजी असते हे मान्य. पण घरी असलेल्या मुलीला पाहुणा आला की चहाला उठवतात, स्वयंपाकाला हाक मारतात आणि गिऱ्हाइकाला "थोड्या वेळानं या" सांगतात. तिचे पैसे घरखर्चात मिसळतात, आणि वर्षाअखेरी तिने किती कमावले हे कुणालाच सांगता येत नाही. घरून करू द्यायचे असेल तर तिच्या नावाचे बँक खाते, दारावर तिच्या नावाची पाटी आणि ठरलेले तास, एवढे तिला द्याच. हे देणे जमणार नसेल तर महागडा गाळा परवडला, असे माझे मत आहे. लग्नानंतर तिला गाव सोडावे लागले तर छपरीतली गिऱ्हाइके मागे राहतील. खात्यावरचा व्यवहार, उद्यम नोंदणी आणि फेडलेल्या कर्जाची नोंद मात्र तिच्याबरोबर जाईल.

घर आणि गाळा यांच्यामध्ये एक तिसरी जागाही आहे, ती म्हणजे आठवडी बाजार. लोणची, पापड, शिवलेले झबले, दुरुस्त केलेले मिक्सर, काहीही असो, आधी आठ बाजार करून पाहा. कोणता माल संपला, कोणता परत आणला, भाव ऐकून कोण थांबले आणि कोण पुढे गेले, हे वहीत लिहा. दोन महिन्यांनी ती वही घेऊन बँकेत जा. आणि पालकांनो, पहिल्या बाजाराच्या दिवशी लेकराला एकटे पाठवू नका. सोबत जाऊन ताडपत्री अंथरायला लागा.