गटाच्या व्हिडिओची डीव्हीडी अशी करा

सख्यांनो, प्रशिक्षणाचं शूटिंग कॉम्प्युटरवर छान दिसतं. तेच डीव्हीडीवर घेऊन गावच्या बैठकीत लावलं, की टीव्हीवर काहीच येत नाही! बाया वावरातलं काम सोडून आलेल्या असतात. अशा वेळी दोष बहुधा डिस्कचा नसतो. आपण फाईल नुसती कॉपी केलेली असते. साध्या डीव्हीडी प्लेयरला एमपी-४ फाईल सहसा वाचता येत नाही. त्याला ‘एमपेग-२’ लागतं.

काय करायचं?

१. ‘डीव्हीडी स्टायलर’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाईल त्यात टाकली की ते रूपांतर करून देतं.

२. ‘पाल’ निवडा, ‘एनटीएससी’ नको. भारतात पाल चालतं : ७२० × ५७६ आकार, सेकंदाला २५ चित्रं.

३. ४.७ जीबीच्या डिस्कवर साधारण २ तासांचंच शूटिंग घ्या. जास्त कोंबलं तर चित्र धुरकट होतं.

४. बर्न कमी स्पीडवर करा. मध्येच लाईट गेली तर डिस्क वाया जाते.

५. आधी एकच प्रत काढा आणि प्लेयरवर शेवटपर्यंत बघा. पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासतो ना, तसंच!

बर्डीवरच्या दुकानात करून घेणार असाल, तर “डेटा डीव्हीडी नको, व्हिडिओ डीव्हीडी पाहिजे” असं स्पष्ट सांगा. प्लेयरवर लावून दाखवल्यावरच पैसे द्या. पैसा गटाचा आहे, ताई. आणि मूळ फाईल पुसू नका; पुढची प्रत तिच्यातूनच निघेल.