दोन मेजें, एक करार

दोन राष्ट्रांचे प्रतिनिधि व्यापाराचा करार ठरविण्यास एकत्र बसले, म्हणजे तेथें दोनच पक्ष आहेत असें पाहणाऱ्यास वाटतें. परंतु या विषयाचें संशोधन करणाऱ्या विद्वानांचें मत निराळें आहे. रॉबर्ट पटनम या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञानें १९८८ सालच्या एका निबंधांत असें दाखविलें कीं, प्रत्येक प्रतिनिधि एकाच वेळीं दोन मेजांशीं बसलेला असतो. एका मेजाच्या पलीकडे परराष्ट्राचा प्रतिनिधि असतो. दुसऱ्या मेजाभोंवतीं स्वदेशांतील शेतकरी, कारखानदार, मजूर आणि विधिमंडळाचे सभासद असतात. पहिल्या मेजाशीं ठरलेली गोष्ट दुसऱ्या मेजाशीं मान्य झाली नाहीं, तर करार कागदावरच राहतो.

इतिहासांत याचें ठळक उदाहरण आहे. १९३० सालीं अमेरिकेनें परदेशी मालावरील जकात फार वाढविली. इतर राष्ट्रांनींही उलट जकाती बसविल्या, आणि मंदीनें आधींच पिडलेला जगाचा व्यापार आणखी खालावला. त्या अनुभवानें शहाणीं झालेलीं राष्ट्रें दुसऱ्या महायुद्धानंतर वाटाघाटींस बसलीं. १९४७ सालीं जिनिव्हा येथें २३ देशांनीं जकाती कमी करण्याचा करार केला. त्यांत भारतही होता. पुढें हॅवाना येथें आंतरराष्ट्रीय व्यापार संघटनेची सनद तयार झाली, आणि २४ मार्च १९४८ रोजीं ५३ देशांच्या प्रतिनिधींनीं परिषदेच्या अंतिम लेखावर सह्या केल्या. या संघटनेसाठीं पुढाकार अमेरिकेनेंच घेतला होता. तथापि तिच्याच काँग्रेसनें सनदेस मान्यता दिली नाहीं, आणि १९५० सालीं अध्यक्ष ट्रूमन यांच्या सरकारनें तो नाद सोडला. जिनिव्हाचा करार मात्र केवळ तात्पुरता म्हणून १ जानेवारी १९४८ पासून अंमलांत आला होता. जकाती घटविण्याचा अधिकार काँग्रेसनें १९३४ च्या कायद्यानें अध्यक्षांस आधींच दिला असल्यामुळें त्यास घरची अडचण पडली नाहीं. तो तात्पुरता करार १९९५ सालीं जागतिक व्यापार संघटना स्थापन होईपर्यंत टिकला.

मग घरचें बंधन म्हणजे केवळ अडथळाच काय? तसें नाहीं. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञानें १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सांगितलें कीं, ज्याचे हात बांधलेले असतात त्याला कधीं कधीं अधिक मिळतें. "दहा रुपयांवर एक पैसाही देऊं नकोस," असें बजावून धन्यानें बाजारांत पाठविलेला नोकर डोळ्यांपुढें आणा. याला अधिक देण्याची मुभाच नाहीं अशी दुकानदाराची खात्री पटली, तर तो बहुधा भाव उतरवितो. परंतु धन्यानें दोनच रुपयांची मुभा दिली असती, तर नोकर रिकाम्या हातीं परतला असता. बंधनानें बळ येतें. पण तें फार आवळलें तर सौदाच होत नाहीं.

आपल्या देशानेंही याचा अनुभव घेतला आहे. २०१३ सालीं भारतांत राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. सरकार शेतकऱ्यांकडून ठराविक भावानें धान्य विकत घेतें व गरिबांस पुरवितें. परंतु जागतिक नियमांप्रमाणें या खरेदींतील मदत मोजतांना १९८६ ते १९८८ या वर्षांच्या जुन्या किंमती धरल्या जातात. त्यामुळें मदतीचा आंकडा फुगून मर्यादेबाहेर जाण्याचें भय असतें. डिसेंबर २०१३ मध्यें बाली येथें, चालू असलेल्या अशा खरेदीविरुद्ध तूर्त तक्रार करूं नये असें ठरलें. ही सवलत किती काळ टिकेल याविषयीं शंका राहिली. म्हणून जुलै २०१४ मध्यें भारतानें, सीमेवर मालाची ने-आण सुलभ करणाऱ्या दुसऱ्या करारास संमति नाकारली. तेथें निर्णय सर्वसंमतीनें होत असल्यानें काम अडलें, व अनेक देश रुष्ट झाले. अखेर नोव्हेंबर २०१४ मध्यें, कायमचा तोडगा निघेपर्यंत सवलत चालू राहील असें स्पष्ट करण्यांत आलें, आणि भारतानेंही संमति दिली.

आतां प्रश्न उरतो तो हा, कीं घरच्या मेजाशीं बसतें कोण? शॅटश्नायडर या अमेरिकन अभ्यासकानें १९३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत १९३० च्या त्याच जकातीची छाननी केली. संघटित उत्पादकांचा आवाज मोठा, आणि महाग माल घेणाऱ्या विखुरलेल्या ग्राहकांचा आवाज क्षीण, असें त्यास आढळलें. म्हणून मुलांनीं आणि त्यांच्या पालकांनींही, वर्तमानपत्रांत कराराची वार्ता वाचतांना परदेशानें काय दिलें एवढ्यावर थांबूं नये. आपल्या घरीं कोणाला विचारलें गेलें आणि कोणाला नाहीं, हेंही पाहावें. ज्याला मेजाशीं जागा नसते, त्याच्याच पदरीं कराराचा भार पडण्याचें भय अधिक असतें.