रेडिएटरमध्ये हळद नको

"आपल्याकडं कुठं बर्फ पडतो? कूलंट कशाला? बोअरचं पाणी ओता अन् चला." हिंगोलीत जुन्या गाडीवाल्याला हा सल्ला हमखास मिळतो. बर्फाचं म्हणणं खरं आहे. पाणी गोठलं की सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून लडाखच्या थंडीत नुसतं पाणी भरून रात्रभर उभ्या ठेवलेल्या गाडीचा ब्लॉक तडकू शकतो. इथं कयाधू नदीकाठी ती भीती नाही. पण नुसतं पाणी इथंही इंजिन खातं, सावकाश.

माझी डिझेल जीप मी जुनीच घेतलेली. मे महिन्यात हळदीची पोती घेऊन औंढ्याहून हिंगोलीच्या बाजाराला येताना तापमानाचा काटा लालवर गेला. ऑइलचं झाकण उघडलं तर आत चहावरच्या सायीसारखा थर. म्हणजे हेड गॅसकेट गेलं, पाणी ऑइलमध्ये उतरलं.

कारण सापडलं ते रेडिएटरवाल्याकडं. त्यानं ब्लोलॅम्पनं झाळ वितळवून वरची पितळी टाकी सोडवली. नळ्यांची तोंडं पिवळट लगद्यानं बुजलेली, त्याखाली पांढरा क्षार इतका घट्ट की स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडावा लागला. आधी कुणीतरी गळती थांबवायला हळद टाकली होती.

हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा. हळदीची पूड पाण्यात फुगते आणि बारीक भोक बुजवते. पण गळकं भोक कुठलं आणि चांगली नळी कुठली, हे तिला कळत नाही. आडरानात अडकलात तर घरी पोचण्यापुरती टाकावी लागेल. पोचल्यावर मात्र सगळं पाणी काढून रेडिएटर धुवा आणि गळतीला झाळ मारून घ्या.

बोअरच्या पाण्याचं दुखणं वेगळं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर धातूला चिकटतात, आणि जिथं इंजिन सर्वांत गरम, तिथंच थर जास्त. थर चढला की उष्णता पाण्यात उतरत नाही. ब्लॉकची भोकं बंद करणारे पत्र्याचे वेल्श प्लगही माझ्या जीपमध्ये आतून गंजून कागदासारखे पातळ झाले होते.

नळ्यांत सळई मारून घेतली, हेड फेस केलं, गॅसकेट आणि प्लग नवे. 'उन्हाळ्यात नको' म्हणून कुणी काढून टाकलेला थर्मोस्टॅटही परत बसवला. तो नसला की इंजिन थंडीत तापत नाही, लवकर झिजतं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं.

आता मी कूलंट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरतो. हे मिश्रण पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि गंज रोखतं. उद्या गाडी लडाखला न्यायची झाली तरी उणे 35 अंशांच्या आसपासपर्यंत ते गोठत नाही. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदला; आतला दाब टिकला नाही तर पाणी लवकर उकळतं. आणि काटा लालवर गेला तर इंजिन बंद करून थांबा. गरम झाकण उघडलं तर वाफेनं तोंड-हात भाजतात, तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाते.

एक विनंती शेतकरी भावांना. काढलेलं कूलंट अंगणात किंवा गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड असतं, म्हणून कुत्री-जनावरं चाटतात, आणि ते विष आहे. कॅनमध्ये भरा, घट्ट झाकण लावा आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.