मेजर थॉमस कँडी

आज आपण मराठी लिहिताना वाक्य संपले की टिंब देतो, प्रश्न असला की प्रश्नचिन्ह काढतो. उर्दूत वाक्य संपल्यावर छोटी आडवी रेघ देतात, तसेच हे. पण जुन्या मराठी पोथ्यांत दंडाशिवाय चिन्ह नसे. मोडी कागदांत तर शब्दही एकमेकांना चिकटलेले असत. ‘आई आली’ ही बातमी की प्रश्न, हे वाचणाऱ्यानेच ओळखायचे!

ही अडचण दूर करण्यासाठी ज्यांनी खटपट केली, ते मेजर कँडी इंग्रज होते. मराठी त्यांची मातृभाषा नव्हती. तुमच्याप्रमाणेच ती त्यांनी शिकून घेतली होती.

कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडमध्ये झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी धरून ते हिंदुस्थानात आले. मोल्सवर्थ नावाचे लष्करी अधिकारी तेव्हा मराठी-इंग्रजी कोश तयार करीत होते. थॉमस आणि त्यांचे जुळे भाऊ जॉर्ज यांनी त्यांना साहाय्य केले. पंडितांना जवळ बसवून एकेक शब्द तपासला गेला. १८३१ साली कोश छापून निघाला. पुढे मोल्सवर्थ मायदेशी गेले, तेव्हा अर्धवट राहिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनी एकट्याने पुरा केला. तो १८४७ साली प्रसिद्ध झाला.

दरम्यान, सरकारने त्यांना पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे सुपरिंटेंडेंट नेमले. विश्रामबाग वाड्यात ही पाठशाळा भरे. दख्खनमधील सरकारी शाळांची देखरेखही त्यांच्याकडे होती. १८५१ साली संस्कृत पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज स्थापन झाले. कँडी त्याचे प्राचार्य झाले.

याच काळात जोतीराव फुले पुण्यात मुलींना शिकवीत होते. लोक त्यांना नावे ठेवीत. अशा वेळी, १८५२ साली, विश्रामबाग वाड्यात भरसभेत शालजोडी देऊन जोतीरावांचा सत्कार करण्यात आला. तो कँडी यांच्या हस्ते झाला.

विरामचिन्हांवर कँडी यांनी एक लहान पुस्तक लिहिले. शाळांची क्रमिक पुस्तके ते स्वतः तपासत. त्यांचा शब्द शेवटचा असे. हे सर्वांनाच रुचले नाही. त्यांच्या मराठीला इंग्रजीचा वास येतो, अशी तक्रार पुढे झाली. ती अगदीच खोटी नव्हती. मात्र तक्रार लिहिणाऱ्यांच्या लेखांतही स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हे होतीच!

१८७७ साली महाबळेश्वर येथे मेजर कँडी वारले.