स्तन राखायचा की काढायचा?

प्रश्न : आईचं वय 54. स्तनात अडीच सेंटिमीटरची गाठ आहे. बायोप्सीत कर्करोग निघाला. सर्जन म्हणतात, स्तन राखता येईल. घरचे म्हणतात, ‘सगळंच काढा, कटकट मिटेल.’ काय करावं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कटकट मिटते हा गैरसमज आहे. मिलान आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. राखलेल्या स्तनात आजार उलटण्याची थोडी शक्यता उरते, म्हणून दरवर्षी मॅमोग्राफी. स्तन काढला तरी काहींना रेडिएशन लागतंच, हेही घरच्यांना सांगा.

खरा प्रश्न व्यवहाराचा. रेडिएशन कोल्हापुरात मिळतं, पण काही आठवडे जवळजवळ रोज हेलपाटे आईंना झेपतील का? गाठी स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत असतील किंवा छातीला पूर्वी रेडिएशन झालं असेल, तर बहुधा स्तन काढणंच योग्य.

ईआर, पीआर (हार्मोन रिसेप्टर) आणि हर-टू (एक प्रथिन) या गाठीवरच्या तपासण्यांचे रिपोर्ट हातात आल्याशिवाय तारीख ठरवू नका. कधी केमोथेरपी आधी देतात. दोन आठवड्यांच्या उशिराने सहसा काही बिघडत नाही. तेवढ्यात मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बायोप्सीच्या स्लाइड्स दाखवून दुसरं मत घ्या. काखेतली सेंटिनल ग्रंथी (गाठीतला कर्करोग आधी पोहोचण्याची शक्यता असलेली लसिका ग्रंथी) तपासून भागेल का, हे सर्जनना जरूर विचारा. पुढे हाताला सूज येणं बरंचसं त्यावर ठरतं. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.

तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत, आईंचं नाही. आधी त्यांना विचारा.