प्रजासत्ताक दिन आणि आपला गांव
(अभ्यासाचा पाठ)

जानेवारीची २६ तारीख आली म्हणजे गांवोगांव शाळेची प्रभातफेरी निघते, ग्रामपंचायतीपुढें झेंडा फडकतो, मुलांस खाऊ मिळतो व पुष्कळ घरीं जिलबी येते. हा आनंद योग्यच आहे. परंतु ज्या दिवसाचें कारण आपणांस ठाऊक नाहीं, तो दिवस केवळ सुटीचा होऊन राहतो. म्हणून ह्या पाठांत आम्ही तीन गोष्टी क्रमानें पाहूं: हा दिवस कसा ठरला, त्या दिवशीं आपणांस काय मिळालें, आणि जें मिळालें तें आपल्या गांवांत कोठवर पोहोंचलें आहे.

१. हा दिवस कसा ठरला?

१९२९ च्या डिसेंबरांत लाहोर येथें राष्ट्रीय सभेनें पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, आणि २६ जानेवारी १९३० रोजीं देशभर लोकांनीं त्याची प्रतिज्ञा घेतली. पुढें १५ ऑगस्ट १९४७ रोजीं स्वातंत्र्य आलें. तत्पूर्वींच, ९ डिसेंबर १९४६ रोजीं, घटना समितीची पहिली बैठक भरली होती. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं राज्यघटना स्वीकारण्यांत आली. परंतु जुन्या प्रतिज्ञेच्या तारखेचा मान राखावा म्हणून ती पूर्णपणें अमलांत आली २६ जानेवारी १९५० रोजीं. परक्यांचें राज्य गेलें तो दिवस एक, आणि आपण कोणत्या नियमांनीं एकत्र राहावयाचें हें ज्या दिवसापासून ठरलें तो दुसरा. दोहोंचा अर्थ निरनिराळा आहे.

२. आपणांस काय मिळालें?

घटनेच्या उद्देशिकेंत न्याय, स्वातंत्र्य, समानता व बंधुता हे चार मोठे शब्द आहेत. मोठ्या शब्दांचा अर्थ लहान गोष्टींत चांगला दिसतो; म्हणून महाडच्या तळ्याचें उदाहरण घेऊं.

१९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानें बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळ्या कराव्या, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेनेंही चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. तथापि ठराव दप्तरांत राहिला, आणि पाणी तळ्यांत. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आपल्या लोकांसह चालत तळ्यावर गेले व तें पाणी प्याले. त्याच दिवशीं त्या लोकांवर हल्ला झाला, आणि पुढें तळें शुद्ध करून घेण्यांत आलें! प्रकरण न्यायालयांत गेलें. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागला तो १७ मार्च १९३७ रोजीं. ठरावापासून निकालापर्यंत १४ वर्षें गेलीं.

आतां घटनेचें १५ वें कलम पाहा. त्यांत सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानाचे घाट व रस्ते ह्यांचीं नांवें घेऊन, धर्म, जात किंवा लिंग ह्यांच्या कारणानें कोणास अडवूं नये असें म्हटलें आहे. १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली आहे. जें एका गांवच्या तळ्यावर मागावें लागलें, तें साऱ्या देशाचा नियम झालें. २५ वें कलम आपापल्या श्रद्धेप्रमाणें वागण्याची मोकळीक देतें; ती जितकी आपली, तितकीच आपल्या शेजाऱ्याची, हें विसरतां कामा नये.

३. गांवांत तें कोठवर पोहोंचलें आहे?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितीपुढें बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं इशारा दिला होता कीं, राजकारणांत आपण समान होऊं, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनांत विषमता तशीच राहील, आणि ती लवकर दूर न केल्यास लोकशाहीची इमारत ढांसळेल. हा इशारा दिल्लीपुरता नव्हता.

२४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अमलांत आहे व ग्रामसभेस घटनेंत स्थान आहे. गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव आहे तो प्रत्येक जण, मग तो बागाईतदार असो वा शेतमजूर, ग्रामसभेचा सभासद आहे. महाराष्ट्रांत सभेस मतदारांपैकीं शेंकडा १५ अथवा १००, ह्यांत जो आंकडा लहान तितके लोक हजर लागतात. तितके न आल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस ह्या संख्येचें बंधन राहत नाहीं. म्हणजे जे घरीं बसले त्यांच्यासाठीं निर्णय थांबत नाहीं. जे थोडे आले तेच तो करितात.

स्त्रियांविषयींही असेंच आहे. महाराष्ट्रांत २०११ पासून पंचायतींच्या निम्म्या जागा त्यांच्यासाठीं राखून ठेविल्या आहेत. तरी बाई सरपंच व्हावी, तिनें केवळ सही करावी, आणि बोलणें सारें नवऱ्यानें करावें, असें जेथें घडतें तेथें पुन्हां ठराव दप्तरांत आणि पाणी तळ्यांत अशीच स्थिति झाली.

म्हणून आमची विनंति आहे कीं, झेंड्याला वंदन करून लगेच घरीं परतूं नये. पुष्कळ गांवांत ह्याच दिवशीं किंवा त्याच्या आसपास ग्रामसभा भरते. तिला जावें, जमाखर्च वाचून दाखविण्यास सांगावें, नळ शेवटच्या वस्तीपर्यंत गेला आहे कीं नाहीं, स्मशानाची व दफनभूमीची वाट सर्वांस मोकळी आहे कीं नाहीं, हें नम्रपणें पण स्पष्टपणें विचारावें. स्वतःच्या आळीसाठीं विचारणें सोपें आहे; दुसऱ्याच्या आळीसाठीं विचारणें ह्यास बंधुता म्हणतात.

घरीं विचार करण्यासाठीं प्रश्न

१. १५ ऑगस्ट व २६ जानेवारी ह्यांतील भेद मुलांस कसा सांगाल?
२. चवदार तळ्याच्या बाबतींत ठराव होऊनही पाणी कां मिळालें नाहीं?
३. मागील ग्रामसभेस आपल्या घरांतून कोण गेलें होतें? स्त्रियांपैकीं कोणी बोललें काय?
४. आपल्या गांवांत अशी कोणती जागा आहे, जेथें कायद्यानें सर्वांस वाट आहे, परंतु प्रत्यक्षांत कोणी तरी बाहेर उभें राहतें?