जानेवारीची थंडी आणि नव्या वर्षाची उमेद



नाताळचा गोठा आवरून झाला. कागदाचे तारे पुन्हा माळ्यावर गेले, करंज्यांचे डबे रिकामे झाले आणि पुण्या-मुंबईहून, सुरतेहून आलेली मुले-नातवंडे आपापल्या कामाला परतली. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाबरोबर ख्रिस्तजयंतीचा काळ संपतो आणि उपासना वर्षातला 'सामान्य काळ' सुरू होतो. नाव ऐकूनच जांभई यावी! मूळ लॅटिन नावाचा अर्थ मात्र 'वर्षभराचा काळ' एवढाच आहे.

मागे घरभेटीला गेलो असता एका आजींनी आम्हांला विचारले, "नवीन वर्ष तुम्हां लोकांचं. आमच्यासारख्यांना त्यात नवीन काय? थंडी तेवढी वाढली." घरात त्या एकट्याच असतात. आम्हांला तेव्हा उत्तर सुचले नाही. चहा घेऊन, प्रार्थना करून आम्ही उठलो, पण तो प्रश्न आमच्याबरोबर बाहेर आला. आजचा पाठ त्यातूनच तयार झाला आहे.

पहिली गोष्ट ही, की 1 जानेवारी हा काही आकाशातून पडलेला दिवस नव्हे. रोमन लोकांनी तो ठरवला. इंग्लंडमध्ये तर 1751 पर्यंत कायदेशीर वर्ष 25 मार्चला, म्हणजे मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याच्या सणाला सुरू होत असे. 1752 पासून ते 1 जानेवारीला आले. आपल्याकडेही एकच आरंभ कुठे आहे? ख्रिस्तसभेचे वर्ष आगमनकाळापासून, शाळेचे जूनपासून, दुकानाच्या वहीचे एप्रिलपासून, आणि खानदेशात सालदाराचे साल ठरते ते आखाजीला. तेव्हा 1 तारखेला केलेला संकल्प 9 तारखेला मोडला म्हणून वर्ष वाया गेले असे समजायचे कारण नाही.

दुसरी गोष्ट सूर्याची. 22 डिसेंबरच्या सुमारास दिवस वाढायला लागतो हे आपण शाळेत शिकलो. पण सकाळी मिस्साला येताना अनुभव उलटाच येतो, अंधार कमी होतच नाही! यात आपली चूक नाही. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने. सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत थोडा थोडा उशिराच होत जातो; जळगावला तो तेव्हा सात वाजून गेल्यावर होतो. महिन्याच्या शेवटी सकाळही उजळू लागते. म्हणून या महिन्यात पहाटे उठवत नसेल तर स्वतःला आळशी म्हणून दोष देऊ नये. फिरायला जायचे ते संध्याकाळी जावे, उजेड तिकडे आधी आलेला असतो.

आता थंडीकडे येऊ. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात नोंदलेला पारा वर्तमानपत्रात वाचून आपण अंगावर शाल ओढतो. पण शेतात ही थंडी दोन वेगळी कामे करते. रावेर-यावलच्या केळीला ती सोसत नाही. पारा दहा-बारा अंशांच्या खाली गेला की केळीची वाढ थबकते, पोंग्यातून नवे पान लवकर सुटत नाही, घडाची निसवण अडते. शेतकरी रात्री बागेला पाणी देतो, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो, घडांवर पिशव्या चढवतो. त्या दिवसांत तो केळीकडे वाढ मागत नाही, ती जगावी एवढेच पाहतो. पलीकडच्या गव्हाला मात्र हीच थंडी हवी असते. नोव्हेंबरात पेरलेला गहू आता फुटवे धरतो. थंडी जितकी टिकेल तितके फुटवे अधिक. ऊन लवकर तापले तर ओंब्या लहान राहतात. हरभऱ्याचेही तसेच.

माणसांचेही असेच असावे असे आम्हांला वाटते. कोणाची जानेवारी गव्हाची असते. दहावी-बारावीच्या मुलांना पहाटेची थंडी अभ्यासाला उपयोगी पडते. कोणाची केळीची असते. ज्यांच्या घरी नुकतेच कोणी देवाघरी गेले, ज्यांचे गुडघे धरले आहेत, ज्यांची मुले परत गेली आहेत, त्यांच्याकडून नव्या उमेदीची भाषा मागणे बरोबर नाही. त्यांच्या बांधावर शेकोटी कोणी पेटवायची, एवढाच प्रश्न आहे.

संकल्पांविषयी एक माहिती सांगण्यासारखी आहे. लंडनच्या विद्यापीठातील संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयीचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध केला. जेवताना फळ खाणे, रोज थोडे चालणे अशा साध्या गोष्टी होत्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18 पुरले, तर कोणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही हेही दिसले. 1 जानेवारीपासून 66 दिवस मोजले तर 7 मार्च येतो, म्हणजे गहू कापणीला येण्याच्या सुमारास! आपण मात्र संक्रांतीलाच स्वतःला नापास करतो. तिळगुळाचा तुकडा देऊन मनाला पुन्हा कामाला लावावे, हे अधिक बरे.

आणि आनंदाचे काय? तो या महिन्यात खानदेशाला शोधावा लागत नाही, धुराच्या वासावरून सापडतो. बामणोदची हिरवट-पांढरी, भलीमोठी वांगी बाजारात आलेली आहेत. ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, साल काढून हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायची, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून फोडणी द्यायची, सोबत कळण्याची भाकरी. गॅसवर भाजलेले वांगे हे वांगेच, भरीत नव्हे, असे आमचे ठाम मत आहे. शिवाय चुलीवरचे भरीत एकट्यासाठी कोणी करत नाही. काड्या एकाने आणायच्या, साले दुसऱ्याने काढायची, ठेचायला तिसरा. त्या आजींनाही आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मिरची किती घालायची ते मी सांगेन, तुम्हांला जमायचं नाही."

म्हणून महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या मागच्या आवारात भरीत करायचे ठरले आहे. ज्यांच्या शेतात कपाशीच्या काड्या आहेत त्यांनी एक-दोन भारे आणावेत. ज्यांना एकट्याने येणे अवघड आहे त्यांची नावे शेजाऱ्यांनी आदल्या रविवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. मोटारसायकल नको, रिक्षा पाठवू. शाल आणायला विसरू नये.